दिल निबर झालं तर

अम्मी,

तू गेलीस तवा मी दुसरीत होते. आता शाळा सोडलीय, आठवीतच. सोनपेठच्या बाजारात अब्बासंगं बांगड्या भरते, तुझ्याच जागेवर बसून. चार माणसांत मला अजून बोलता येत न्हाई. म्हणून लिव्हायलेय.

एक दिवस लय आठवतो. तू चुलीपुढं बसून हातात घुसलेली काच सुईनं काढायलीस. मी रडायलेय अन् तू हसायलीस. "येडे, मला कुठं दुखतंय? हात निबर झालाय आता, टोचलेलं कळत न्हाई." मग सुई खाली ठेवलीस. म्हणलीस, "दिलाचं बी असंच असतंय बेटा. गुन्हा केला की दिलावर काळा ठिपका पडतो. अल्लाकडं माफी मागून तोबा केली की निघतो. पण परत परत तेच केलं तर वाढत वाढत सगळं दिल झाकून टाकतो. अन् माणसाला दुखवलं असंल तर त्या माणसाकडं जाऊन माफी मागावी लागती." मी इचारलं, "ठिपका दुखतो का?" तू म्हणलीस, "दुखतो तवर बरं असतंय."

बांगड्या भरताना बाया सगळं बोलतात, तुला तर म्हाईतच हाय. मी नुसती ऐकायचे. एकदा एका घरचं दुसऱ्या घरी सांगितलं तर बाया हसल्या, सरकून जवळ बसल्या. माझ्या बोलण्यावर कुणी असं कवा हसलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या घशाखाली भाकर उतरली न्हाई. नमाजला उभं राहायचं भ्या वाटायलं. पुढच्या बाजारी परत सांगितलं. मग सांगतच गेले.

मागं एकदा पालम गावची एक बाई बांगड्या भरायला बसली होती. पोरासाठी पोरगी बघायलेली. पोरीचं बांगडीवालीलाच इचारतात, आपला पाय सगळ्या घरात असतो ना. तिनं आपल्या गल्लीतल्या, माझ्या वर्गातल्या पोरीचं इचारलं. ती एकदा रोजा असताना शाळेत चक्कर येऊन पडली होती. तेवढंच. मी म्हणलं, "चांगली हाय. पण पडती अधूनमधून."

बाईनं माझ्या हातातला हात काढून घेतला. "कवापासून?"

"लहानपणापासून."

सोयरीक मोडली. मला कळलं तवा मी जेवायलेली. जेवले, पोटभर. झोप बी लागली.

तवापासून भ्या वाटायलंय अम्मी. काळीज धडधडलं न्हाई, घास अडकला न्हाई. नमाज पढते, तोंडानं तोबा म्हणते, आत काईच हलत न्हाई. सगळं झाकलं असंल तर? मला कळंल तरी कसं?

ईदच्या आधी ती पोरगी बांगड्या भरायला आली. "नीट भर गं," म्हणली. "सासूला तर मी चालले न्हाई, तुला तरी चालते का?" अन् हसली. मग हळूच म्हणली, "लोक म्हणायलेत मला आजार हाय. अम्मीनं ताईत बांधलाय." तिचा हात माझ्या हातात होता. अब्बा नमाजला गेलते, जवळ दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणलं, "हात ढिला सोड."

तेवढंच म्हणलं.

हा कागद तुला पोचायचा न्हाई. सांगायचंय तिला, अन् मी तुला सांगत बसलेय, कारण तू काई म्हणणार न्हाईस.

काल ती समोरून येताना दिसली. मी बांगड्यांच्या पेटीमागं वाकले. ती गेली तसं बरं वाटलं मला, अम्मी. लय बरं वाटलं.