जर्मन नाक

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि शोकसभेत सगळे बोलले तसं तुमच्याबद्दल चार गोड शब्द बोलणं मला अजून जमत नाही. परभणीत स्टेशनमागच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पाच वर्षं शिल्पकला शिकले. शिकले म्हणजे काय, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन शिल्पकाराची आरती ऐकली. तो गवंड्याचा मुलगा. राजाच्या खर्चानं रोमला गेला, जुने पुतळे बघून आला आणि जन्मभर पांढऱ्या संगमरवरात तसेच पुतळे घडवत, शिष्यांनाही तेच शिकवत राहिला. तुम्ही स्वतः कधी नांदेडच्या पलीकडे गेला नाहीत, पण रोमच्या उन्हाबद्दल असं बोलायचात, जणू सकाळच्या गाडीनंच परतलात. "नाक कपाळापासून एका रेषेत उतरलं पाहिजे." तुमची सगळी विद्या एवढीच.

मी मातीत आईचा चेहरा केला होता. आई आमच्या गावी, बोरीला, लोकांच्या रानात खुरपायला जायची; बसकं नाक, गालांवर देवीचे व्रण. तीन आठवडे मी त्यावर खपले. तुम्ही येता, हातातला चहाचा कप खाली न ठेवता माती कापायच्या तारेनं ते नाक कापता आणि म्हणता, "असल्या तोंडाचे पुतळे होत नसतात, पोरी." आई माझा डबा घेऊन दारातच उभी आहे. ती एवढंच म्हणते, "सर म्हनतेत ते बराबर असंल. माझं नाक हायच तसं." डबा ठेवून ती एसटी धरायला गेली. तुम्ही तिला बसा म्हणालासुद्धा नाहीत.

त्या शिल्पकाराच्या पुतळ्यांचं जे जर्मन पुस्तक उघडून तुम्ही शिकवायचात, ते तुमच्यामागे तुमच्या मुलीनं मला आणून दिलं. जुन्या छपाईच्या पुस्तकांत असतात तशी शेवटची पानं कडेला जोडलेलीच होती, कुणी कधी कापलीच नव्हती. मी सुरीनं कापली. आत एका चित्रात त्याच शिल्पकारानं घडवलेली त्याची म्हातारी आई होती: बसकं नाक, गळ्याला सुरकुत्या. ज्याच्या नावानं आम्हाला झोडपलंत, त्याचं पुस्तकही तुम्ही पुरतं पाहिलं नव्हतंत. मी हसले. राग करण्याइतकेही तुम्ही उरला नाहीत.

राणीसावरगावच्या विहारातली बुद्धमूर्ती मी घडवली, खाली नाव तुमचं. अनावरणाच्या भाषणात तुम्ही म्हणालात, "माती मळायला एक विद्यार्थिनी होती." ती विद्यार्थिनी शेवटच्या रांगेत बसली होती. परवा विहाराची माणसं घरी आली. "ताई, समद्यांला ठावं हाय, मूर्ती तुमीच केली. आमी पाटी बदलायलोत." मी म्हणाले, राहू द्या. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. मूर्तीच्या उजव्या हाताची बोटं मला साधत नव्हती. चारदा केली, चारदा मोडली. एका दुपारी तुम्ही बसलात आणि ती करून उठलात. विहारात येणारा माणूस आधी त्या बोटांकडेच बघतो. मला तशी अजून येत नाहीत.