शिवेचा दगड आणि हेस्टर आजीची जागा

तीर्थरूप हॉरेस मामाआजोबांना ब्रायोनीचा सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? समुद्राच्या हवेने तो सुधारेल असं डॉक्टर म्हणाले होते आणि तुम्ही म्हणाला होतात की हवा नाकातून आत जाते, गुडघ्यातून नाही. शास्त्रदृष्ट्या तुमचंच बरोबर आहे. इकडे विदरफर्डला सगळं ठीक. तुमची बहीण शहाऐंशीव्या वर्षी शिडीवर चढून नासपतीची छाटणी करते आणि मी शिडी धरायला गेले की "शिडी काय पळून चाललीय?" म्हणून माझ्यावरच खेकसते. तेव्हा पुढे तिच्या दफनाचा विषय निघेल, त्याने घाबरून जाऊ नका. आजी ठणठणीत आहे. तिला फक्त जागा पक्की करून ठेवायची आहे.

जागा म्हणजे चर्चच्या आवारात जुन्या यूच्या झाडाखाली, रूबेन आजोबांच्या शेजारची. आवारात आता थोड्याच जागा उरल्यात. गावाच्या हद्दीत राहणाऱ्याला त्या हक्काने मिळतात, हद्दीबाहेरच्याने चर्चच्या समितीपुढे हात जोडायचे. समितीच्या अध्यक्षा मिसेस पार्जिटर. (गूजबेरीच्या जॅमच्या स्पर्धेत त्यांनी आजीची बरणी 'पातळ' म्हणून बाद केली होती, त्याला बरीच वर्षं झाली. आजी अजून त्यांचं नाव घेत नाही, 'ती पातळवाली' म्हणते.) त्याच बाई गावाच्या स्मृती आणि इतिहास मंडळाच्याही अध्यक्षा. मंडळाने म्हाताऱ्यांच्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलं, त्यात शिवेचा नकाशा हवा, आणि मी सर्व्हेअर असल्यामुळे तो काढायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, दोन शनिवारांत उरकेल. हा माझा अंदाज चुकला. व्यवसायात माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आपली शीव पुलापासून गिरणीपर्यंत दगडादगडाने जाते आणि प्रत्येक दगडावर बगळा कोरलेला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आजीच्या घरापाशी मात्र दगडच नाही. जुन्या कागदांत 'हेस्टरच्या वडिलांच्या बागेतला दगड' एवढंच आहे. घर दगडाच्या कुठल्या अंगाला, हे कोणी लिहिलेलं नाही, कारण त्या काळी दगड समोर दिसत होता. तो फाटकाशी असेल तर शीव घराच्या पुढून जाते आणि आजी शेजारच्या नेदर पॉडलीत पडते. खुराड्यामागे असेल तर शीव घराच्या मागून जाते आणि आजी विदरफर्डची. माझी दुर्बीण मिलिमीटरपर्यंत मोजते, पण दोन टोकांपैकी एक टोकच नसेल तर ती तिपाईवर नुसती शोभेला उभी.

मग मंडळाने ज्यांना लहानपणी शीवफेरीत दगडांवर डोकं आपटून घ्यावं लागलं होतं अशा म्हाताऱ्यांना चहाला बोलावलं. (पोरांना उलटं धरून शिवेच्या दगडावर डोकं टेकवायचं, म्हणजे दगड जन्मभर लक्षात राहतो, ही आपल्या पूर्वजांची मोजणीची पद्धत. अचूकतेबद्दल मी मत देत नाही.) मिस्टर टॉलिव्हर म्हणाले, दगड फाटकाशी होता, आणि पुरावा म्हणून टाळूवरचा खळगा सगळ्यांपुढे केला. मिसेस पार्जिटरनी हातमोजा घालून तो तपासला. मिस्टर गॅमन म्हणाले, "खुराड्यामागे होता. टॉलिव्हर, तुझा खळगा जन्मतःच आहे, तुझ्या आईनेच माझ्या आईला सांगितलं होतं." त्यावर टॉलिव्हरनी त्यांना पॉडलीचा बोका म्हटलं, गॅमननी केकची ताटली आपल्याकडे ओढून घेतली, आणि माझ्या वहीत दोन दगडांची नोंद झाली.

गेल्या रविवारी प्रत्यक्ष चालून पाहायचं ठरलं. शीवफेरीच्या रिवाजाप्रमाणे विलोच्या छड्या घेऊन अर्धं गाव निघालं, दगडांना बडवत बडवत आजीच्या दाराशी आलं. आपले नवे पाद्री, मिस्टर क्विल, मध्यस्थी करायला गेले. त्यांनी फाटक आणि खुराडं यांच्या बरोब्बर मधून शीव न्यायचं सुचवलं. म्हणजे ती घरातूनच जाणार, आणि घर शिवेवर असेल तर रिवाजाप्रमाणे कोणीतरी त्यातून पार व्हायला हवं. ते स्वतः कोठीच्या खिडकीतून शिरले. खिडकीची रुंदी मी आधी मोजून सांगितली होती. ते म्हणाले, "श्रद्धा ठेवा." ते कमरेपर्यंत आत गेले आणि अडकले. तोंड लोणच्याच्या कांद्यांवर, पाय बाहेर विदरफर्डच्या जनतेपुढे.

आजी आतून शांतपणे म्हणाली, "आता हे अर्धे विदरफर्डात आणि अर्धे पॉडलीत. इथेच गेले तर कुठे पुरायचं, ते विचारा त्या पातळवालीला."

मिसेस पार्जिटर बाहेरून म्हणाल्या, "हेस्टर, पॉडलीची दफनभूमी काही वाईट नाही हो. चांगली हवेशीर आहे."

"मला तिथे हवा खायची आहे का?"

पाद्रीसाहेबांना लोणी लावून काढावं लागलं. (आजीने चांगलं लोणी दिलं नाही, स्वयंपाकाचं दिलं.) त्यानंतर मिसेस पार्जिटरनी जाहीर केलं की पुढच्या रविवारपर्यंत दगड सापडला नाही, तर टॉलिव्हरांचा खळगा ग्राह्य धरून घर पॉडलीत दाखवलं जाईल. संध्याकाळी आजी यूच्या झाडाखाली जाऊन आजोबांच्या शेजारचं गवत उपटत बसली होती. मी लांबून पाहिलं आणि परत आले. मी एवढंच ठरवलं की आजी तिथेच जाईल. सावकाश जाईल, पण तिथेच.

बाकी क्षेम. बागेतल्या भोपळ्यांना आणि तुमच्या पोपटाला आशीर्वाद. तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
ब्रायोनी

ता. क. सात वर्षांची असताना मी तुमच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसत असे. तिच्यावर एक पक्षी कोरलेला होता. तुम्ही सांगितलं होतंत की ते बदक आहे आणि मान करताना कारागिराचं भान सुटलं. तेव्हा मी विश्वास ठेवला. मामाआजोबा, ते बदक नाही. शनिवारी व्हॅन घेऊन येते. पायरी पुसून ठेवा आणि ती कुठून उचलली होतीत ते नेमकं आठवून ठेवा.

ता. क. दोन. हे पत्र आजीने पाकिटात घालण्याआधी वाचलं. (माझी परवानगी घेतली नाही.) ती म्हणते, आठवायची गरज नाही, दगड उचलताना दुसरं टोक तिनेच धरलं होतं. दगड फाटकाशी होता. घर पॉडलीत पडत होतं, पॉडलीकरांचं लग्न विदरफर्डच्या चर्चमध्ये लागेना, आणि तिला रूबेनशी तिथेच लग्न करायचं होतं, म्हणून तुम्ही दोघांनी दगडच नाहीसा केला. म्हणजे टॉलिव्हरांचा खळगा खरा. हे कळवताना मला आनंद होत नाही.

ता. क. तीन. दोन दिवस विचार केला. खोट्या नकाशावर मी सही करणार नाही. पण शिवेचा दगड जिथे उभा दिसेल, तिथून मोजायचं असं मला मंडळाने लेखी सांगितलं आहे. तो तिथे कसा आला, हे मोजायची सोय माझ्या दुर्बिणीत नाही. शनिवारी दुपारी सगळं गाव क्रिकेटला असेल. मागे दगडाला जागा व्हावी म्हणून आजीने खुराडं आधीच हात-दीड हात सरकवून ठेवलं आहे. ती म्हणते, या वेळी तिच्याने दगड उचलवणार नाही, दुसरं टोक मी धरायचं. मी तिला अजून होकार दिलेला नाही. हातमोजे मात्र कपाटातून काढून ठेवले आहेत.