एकोडीहून परत आणलेला कोंबडा घरी राहू देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, भुईबोडी,
ता. मोहाडी, जि. भंडारा.

विषय : नर कोंबडा न पाळण्याच्या आदेशात बदल होऊन एक कोंबडा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) श्री. प्रफुल्ल श्रावण डोंगरे यांचा तक्रार अर्ज, दि. ९ जुलै २०२५.
२) आपल्या कार्यालयाचा आदेश, दि. १ ऑगस्ट २०२५.

अर्जदार : देवकाबाई बुधराम वलथरे, रा. वॉर्ड क्र. ३, भुईबोडी.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. सबब हा अर्ज तिने सांगितला तसा सौ. भावना प्रफुल्ल डोंगरे यांनी लिहून दिला आहे. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच घरात बसून हा अर्ज लिहिला जात आहे, हे आपणास चमत्कारिक वाटेल. त्याचा खुलासा पुढे येतोच.

१. अर्जदाराचे पती गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरतात व अर्जदार परसात कोंबड्या पाळते. तेरा कोंबड्या व एक तांबडा कोंबडा होता. कुडाला लागूनच श्री. प्रफुल्ल यांचे घर आहे. ते तुमसरला एका शाळेत लिपिक आहेत. त्यांच्या आई आनंदाबाई यांचे वय ऐंशीच्या घरात असून त्यांनी आणि अर्जदाराने वीसेक वर्षे लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सोबतीने धानाचा रोवणा (लावणी) केला आहे. दोन्ही घरांत कधी वाकडे बोलणे झाले नव्हते.

२. दि. ९ जुलै रोजी श्री. प्रफुल्ल यांनी आपणाकडे तक्रार दिली की, अर्जदाराचा कोंबडा पहाटे चारपासून आरवतो व कुटुंबाची झोपमोड होते. शिपाई कागद घेऊन आला तेव्हा अर्जदार अंगण सारवत होती. तिला राग आला नाही, वाईट वाटले. कुडावरून एक हाक मारली असती तरी चालले असते, असे तिला वाटले.

३. तरीही तिने होईल तेवढे केले. खुराडे कुडापासून काढून विहिरीच्या बाजूला नेले. ते नेताना पतीच्या पायावर दगड पडला व ते चार दिवस बोडीवर जाऊ शकले नाहीत. नंतर खुराड्यावर ताडपत्री टाकली. तरी कोंबडा चारला आरवायचा तो आरवलाच. सहा कोंबड्या तिने नातलगांकडे देऊन टाकल्या. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण आवाज त्यांचा नव्हताच; पण काहीतरी केल्याचे दिसावे म्हणून दिल्या. श्री. प्रफुल्ल यांनी मात्र तक्रार मागे घेतली नाही आणि वाटेत भेटले की मान खाली घालून जाऊ लागले. नोकरी लागली, स्लॅबचे घर झाले, आता माणूस कशाला ओळखतो, असे अर्जदार तेव्हा पतीजवळ बोलली होती. ते बोलणे ती या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

४. दि. १ ऑगस्टच्या सुनावणीत आपण दोघांचे ऐकून, सात दिवसांत कोंबडा हलवावा व यापुढे नर कोंबडा पाळू नये, असा आदेश दिला. त्याबद्दल अर्जदाराची आपल्याविरुद्ध काही तक्रार नाही. समोर आले तेवढ्यावर तो बरोबरच होता. खरी गोष्ट त्या दिवशी कोणी बोललेच नव्हते.

५. दि. ५ ऑगस्ट रोजी उजाडता उजाडता अर्जदाराचे पती जाळे घेऊन बोडीवर जात असता, बोडीच्या पाळीखालच्या बांधीत एक बाई गुडघाभर चिखलात वाकलेली दिसली. जवळ जाऊन पाहतात तो आनंदाबाई. लुगड्याचा काचा मारलेला, हातात उपटलेले गवत, आणि ते त्या एकेक करून चिखलात रोवत होत्या. पतीने त्यांना हाताला धरून घरी आणले. श्री. प्रफुल्ल दारातच उभे होते. अर्जदार त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती. त्या दिवशी तेच बोलले. "काकू, कोंबडा बोलला का आई उठते, आन् रोवण्याले जातो म्हणून निंगून जाते. चौथी खेप हाय ही. आईचं डोकं चालत नाही, हे गावाले कसं सांगू?" एवढे सांगून ते आईचे चिखलाचे पाय धुवायला बसले.

६. अर्जदाराने सात दिवसांची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी कोंबडा पिशवीत घालून, साकोलीच्या बसने एकोडीला आपली मुलगी रिंकू हिच्याकडे नेऊन सोडला. आदेशाचे पालन झाले. प्रकरण इथे मिटायला हवे होते.

७. परंतु दुसऱ्या दिवसापासून आनंदाबाई उठेनाशा झाल्या. नऊ वाजले, दहा वाजले, तरी डोळे उघडे ठेवून पडून राहायच्या. चहा पुढे केला तर तोंड फिरवायच्या. दवाखान्यात दाखवले. डॉक्टरांनी तपासून, अंगात दुखणे नाही, खाऊ घाला, असे सांगितले. खाऊ घालायचे कसे, ते कोणाला कळेना. चौथ्या दिवशी भावनाबाईंनी अर्जदारास बोलावून नेले. अर्जदाराने खाटेजवळ बसून, उजाडले आहे, उठा, म्हणून सांगितले, खिडकी उघडून ऊन दाखवले. त्यावर आनंदाबाई म्हणाल्या, "कोंबडा कोठं बोलला, देवका? रात हाय अजून. झोपू दे मले. रोवून रोवून पाठ गेली."  अर्जदाराने खिडकी पुन्हा लावून घेतली.

८. त्यानंतर केलेले उपाय येणेप्रमाणे. श्री. प्रफुल्ल यांनी मोबाईलवर कोंबड्याचा आवाज लावला. आनंदाबाईंनी तो ऐकला आणि हा आपल्या गावचा नाही म्हणून कूस बदलली. शेजारच्या वस्तीतून दोन कोंबडे मागितले; पोळा तोंडावर असल्याने जेवणासाठी राखलेले कोंबडे कोणी दिले नाहीत. शेवटी दि. १२, १३ व १४ ऑगस्ट रोजी सकाळी सहा वाजता अर्जदार स्वतः कुडाजवळ उभी राहून आरवली. हे लिहिताना तिला लाज वाटते. पण लपवून अर्ज करण्यात अर्थ नाही. अर्जदाराचे वय अठ्ठावन्न असून तिला दम्याचा त्रास आहे. पहिले दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी आनंदाबाईंनी आतून विचारले, "देवका, तुले का होऊन राहिलं?" मात्र उठल्या नाहीत. त्याच दिवशी पलीकडच्या घरातील मुन्नाने अर्जदाराच्या पतीकडे तोंडी तक्रार केली की, याच्यापेक्षा कोंबडा बरा होता.

९. तोपर्यंत आनंदाबाईंच्या पोटात नऊ दिवसांत पाणी आणि चार चमचे पेज याखेरीज काही गेले नव्हते. एकोडीला विचारले तर, कोंबडा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी कापायचा ठरला होता. कार्यालय सलग सुट्टीमुळे बंद. सबब अर्जदार कबूल करते की, दि. १६ ऑगस्ट रोजी आपली परवानगी न घेता ती व श्री. प्रफुल्ल दोघे मोटरसायकलने एकोडीला गेले आणि तो कोंबडा परत घेऊन आले. येताना पाऊस होता. श्री. प्रफुल्ल यांनी आपला रेनकोट कोंबड्याच्या पिशवीवर घातला.

१०. आता आवाजाबाबत केलेली व्यवस्था. रात्री कोंबड्याला आंब्याच्या बुटक्या पेटीत ठेवतात, ज्यात त्याला मान ताठ करून आरवता येत नाही. वरून पोते व जुनी वाकळ टाकतात, म्हणजे आत उजेड जात नाही. श्री. प्रफुल्ल यांनी आईचा हात पोहोचू नये म्हणून आपल्या दाराला वरच्या बाजूस कडी बसवली आहे. सहाला घरातले सगळे उठले की भावनाबाई कुडावर पळी वाजवतात आणि मगच अर्जदार पेटी उघडते. मुन्नालाही विचारले, सहानंतर त्याची हरकत नाही.

११. दि. १७ रोजी सकाळी सहाला पेटी उघडली. कोंबड्याने पंख झाडले आणि तो कुडावर चढून तीनदा आरवला. अर्जदार दारात उभी होती. आनंदाबाई उठून बसल्या, केस बांधले आणि विचारले, "आज कोनाच्या बांधीत रोवणा हाय?" अर्जदार म्हणाली, "आज सुट्टी हाय. आधी जेवून घ्या." त्या बरं म्हणाल्या.

तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, आदेशातील नर कोंबड्याबाबतची अट या एका कोंबड्यापुरती शिथिल करावी. विनापरवानगी आणल्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास द्यावी, ती भोगण्यास अर्जदार तयार आहे. पण कोंबडा नेऊ नये. गेल्या दीड महिन्यात अर्जदार फार थकली आहे. आता तिच्यात पुन्हा आरवण्याची ताकद नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,
देवकाबाई बुधराम वलथरे
(डाव्या हाताचा अंगठा)

भुईबोडी, दि. १८ ऑगस्ट २०२५

तक्रारदाराचे म्हणणे : वरील मजकूर खरा आहे. माझी तक्रार मी मागे घेत आहे. कोंबडा राहू द्यावा. — प्रफुल्ल श्रा. डोंगरे (सही)

सोबत :
१) दि. १ ऑगस्टच्या आदेशाची प्रत.
२) दवाखान्याची चिठ्ठी.
३) मुन्नाचे ना-हरकत पत्र.
४) आनंदाबाई श्रावण डोंगरे यांचा अंगठा. (जोडता आला नाही. शाईचा पॅड घेऊन आम्ही गेलो तेव्हा त्या जेवत होत्या. हात भाताने भरला होता.)