आईच्या खोलीची कडी

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तिकडे तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. आम्ही सगळे उत्तम. आईही बरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

"शहर सोडून त्या आडगावात घर घेताय? महिन्याभरात तोंड पाडून परत याल," असं तू म्हणाला होतास. दादा, तोंड जागेवर आहे, उलट जरा गुबगुबीतच झालंय! सकाळची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकीची जागा ठरलेली. शहरातल्या दुकानात पोचेपर्यंत माझी एक झोप होते. मग दिवसभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायचे आणि संध्याकाळी आपल्या हक्काच्या घरी यायचं. कुलूप उघडताना मला अजून हसू फुटतं.

पहिले काही दिवस मात्र आमची फजितीच झाली. एवढ्या खोल्या असून आम्ही तिघं एकाच खोलीत चिकटून झोपत होतो. जेवण झालं की तुझे मेहुणे जुन्या एका खोलीतल्या सवयीने टेबलाचे पाय दुमडायला जात. नव्या टेबलाचे पाय दुमडत नाहीत, हे ते उपडं केल्यावर त्यांच्या लक्षात आलं. लेक तर न्हाणीघरात जाताना अजून ओरडते, "आधी माझा नंबर!" मागे कुणी उभं नसतं, तरी.

आणि पडदे शिवून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात खोली दुभागणारा एकही पडदा नाही. दारं आहेत, चांगली कडी लागणारी.

सामान लावायला म्हणून तू आईला पंधरा दिवस पाठवलंस. पहिल्याच रात्री तिने अंथरूण कुठे घातलं असेल? स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. मी म्हटलं, "अगं, तुझी खोली ती समोरची."

"माझी? मला कशाला?"

तिला जवळजवळ ओढतच नेलं. चार दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दुपारी बघते तर दार आतून बंद. मी दार ठोठावलं.

"आई, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे."

"मग आत काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

बाहेर आली तेव्हा चेहरा असा खुलला होता की मी बघतच राहिले. म्हणाली, "इतकी वर्षं मी जरा टेकले की कुणीतरी म्हणायचं, उठतेस का थोडी, पलीकडे जायचंय."

तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. तुझी जागा लहान आहे, मन नाही. तूही तिथे बाहेरच्या खोलीत पाय मुडपूनच झोपतोस, ते मला माहीत आहे.

दादा, आता किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? येत्या शनिवारी तू तिला न्यायला येणार आहेस. तिने बॅग आतापासूनच भरून ठेवली होती. काल ती तिने स्वतःच रिकामी केली आणि कपडे कपाटात लावले. म्हणाली, "त्याला तू कळव. तो समोर आला की माझ्याच्याने 'नाही' म्हणवणार नाही."

म्हणून कळवते. आई परत येणार नाही. मला याचा भयंकर आनंद झालाय आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुला वाईट वाटेल, तेही मला कळतं.

शनिवारी ये मात्र नक्की, सगळ्यांना घेऊन ये. राहायला या. तिचं दार बंद दिसलं तर ठोठाव आणि थोडा थांब. आतून ती "कोण आहे?" असं विचारेल. दादा, आपल्या आईला असं विचारताना आपण कधी ऐकलंच नव्हतं. तू तुझं नाव सांग. ती दार उघडेल.

आईचे तुम्हा सर्वांना आशीर्वाद, तिच्या खोलीतून.

तुझी,
धाकटी