आत्याचे मासे

सिआले,

बाबांना दवाखान्यात नेतेय, या वेळी ॲम्ब्युलन्सने. अळूचे कंद उकडून ठेवलेत. लहान्यांना जेवू घाल.

फ्रीजरमधले ते पावाचा चुरा लावलेले मासे कुणाला तळून देऊ नकोस, सगळी खोकी टाकून दे. काल बाबांच्या डायलिसिसला जाताना मी एक खोकं नर्सला दाखवायला बरोबर नेलं होतं. नर्सने त्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मी वेडी, मीठ वरच्या चुऱ्यातच असतं असं समजून तो खरवडत बसायचे आणि आतला मासा धुऊन बाबांना वाढायचे. पण खोक्यावर लिहिलेलं ते फॉस्फेट आतल्या माशातच मुरवलेलं असतं म्हणे, पाणी धरून ठेवायला. किडनी गेलेल्या माणसाच्या अंगातून ते निघत नाही. त्यानेच यांच्या हृदयाच्या नसा दगडासारख्या झाल्यात.

संध्याकाळी चर्चमधून आत्या येईल, नवी खोकी घेऊन. मुकाट्याने घे. आपल्या टोंगा बेटांवर बापाच्या बहिणीला नाही म्हणत नाहीत, आणि इथे ऑकलंडला येऊनही माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. बाबा तर समुद्रावर वाढलेले. त्यांना तो मासा कापसासारखा लागायचा. पण "बहिणीने आणलंय" म्हणून गिळायचे.

आत्याला माशांचं हे काही कळू देऊ नकोस. भावाला दात नाहीत म्हणून बिनकाट्याचं शोधून आणते बिचारी. दारातच विचारेल, "माझ्या भावाने खाल्ले ना गं?"

खाल्ले म्हण. सगळे खाल्ले.

आई