तीन आवर्तनं

२१ जानेवारी, मंगळवार
काल सकाळी आंघोळ करून मारुतीच्या देवळात गेलो. चौरंगावरची पोथी बासनात बांधली, गाठीवर गाठ मारली आणि घरी घेऊन आलो. पोथी माझ्या वडिलांची आहे. कोणाला विचारायची गरज नव्हती.

कारण दुलीचंद. सव्वीस वर्षं झाली, मी वाचतो आणि तो अर्थ सांगतो. वाचणं अवघड. अर्थ काय, कोणीही सांगेल. परवा संध्याकाळी मंडळी जमली असताना त्याच्या मुलाच्या, भुवनेश्वरच्या, एमबीएच्या प्रवेश परीक्षेची गोष्ट निघाली. त्यात इंग्रजी उतारा देतात आणि अर्थ विचारतात. दुली माझ्याकडे पाहून म्हणाला, "अरे खुशाल, तू त्या परीक्षेले बसला असता ना, तं नुसता वाचत वाचत घरी आला असता." सगळे हसले. आईसुद्धा हसली.

मीही बीए आहे. ही परीक्षा देणार. पास होईपर्यंत पोथी उघडणार नाही. मनात राग नाही.

२३ जानेवारी
प्रेरणानं मोबाईलवर फॉर्म भरून दिला. जन्मसालाच्या रकान्यात बोट बराच वेळ वर सरकवत होती. म्हणाली, "बाबा, सिरियसली?" बापाला असं विचारायचं नसतं, एवढंच सांगितलं.
शब्दांचं पुस्तक आणलं. रोज वीस शब्द, वाक्यात उपयोग करून.

२४ जानेवारी, पहाटे
मॅलिस, ॲरोगंट, पॉम्पस, हिपोक्रिट. चारही शब्दांची वाक्यं दुलीवर केली. लगेच पाठ झाले. ह्युमिलिटी म्हणजे नम्रता. याचं वाक्य स्वतःवर केलं. हा शब्द मात्र लक्षात राहत नाही.

३० जानेवारी
आईनं भात सोडला. पोथी अर्ध्यावर थांबवणं चांगलं नाही म्हणते. पोथी पुन्हा चौरंगावर बसेल तेव्हाच भात. ऐंशी वर्षं धानाच्या मुलखात काढलेली बाई, आता पोळी पाण्यात कुस्करून खाते. म्हणाली, "दात नाही मले. तुझ्या इंग्रजीपायी पोळी चघळून राहिली मी."
आठवडाभरात विसरेल. तसा डॉक्टरही भात कमी करा असंच सांगतात.

५ फेब्रुवारी
शब्द रोज पाच केले. पाचच, पण पक्के.
आजपासून उतारे. पद्धत ठरवली: आंघोळ, उदबत्ती, मग मोठ्यानं तीन आवर्तनं, न अडखळता. खालचे प्रश्न बघायचे नाहीत. प्रेरणा म्हणते, प्रश्नच तर सोडवायचे असतात. तिला विचारलं, पोथीच्या अध्यायाखाली कधी प्रश्न पाहिलेस? श्रद्धेनं वाचलं की अर्थ आपोआप उतरतो. ती म्हणाली, "कोणावर? दुलीकाकांवर?"
कॉलेजात हेच शिकवतात.

१८ फेब्रुवारी
पहिल्या उताऱ्याची एकवीस आवर्तनं पूर्ण. आवाज चांगला लागतो आहे. आई समोर हात जोडून बसते. आज विचारलं, "मंग पुढं काय झालं?" मी म्हटलं, ऐकत राहा. "ऐकूनच तं राहिली. पण हाये काय त्यात?" म्हटलं, इंग्रजी आहे.

२१ फेब्रुवारी
विश्वासघात. प्रेरणानं तो उतारा दुलीला मराठीत सांगितला आणि दुलीनं देवळाच्या पायरीवर बसून आईला समजावला. आई डोळे पुसतच घरी आली. कोणी देवमाशीण आहे. तिचं पिल्लू मरतं, तरी ती त्याला सोडत नाही, कितीतरी दिवस पाण्यावर तोलून धरते. "मायच ते," आई म्हणाली आणि पुन्हा रडली.
उताऱ्यात देवमासा आहे हे मला आईकडून कळलं. अर्थात समुद्राचं काहीतरी असणार, हे लयीवरून माझ्या लक्षात आलंच होतं.
आजचा शब्द ट्रेचरस. वाक्य सांगायला नको.

२ मार्च
शब्द रोज दोन.

१५ मार्च, शनिवार
ॲपवर सराव परीक्षा दिली. उताऱ्यांचे बारा प्रश्न, एक बरोबर. तोही प्रेरणा चहा ठेवताना तिचं बोट स्क्रीनला लागलं म्हणून. ॲप सदोष आहे.

२२ मार्च
आई आज भिंत धरून उठली. ऊन वाढलं आहे.
दुपारी दुली दारात आला. चप्पल काढली, पण आत आला नाही. म्हणाला, "काकी अर्धी झाली बे. माझा राग माझ्यावर काढ, हवं तं भांड. पण पोथी उघड." मी म्हटलं, अभ्यासात आहे, एक तारखेच्या परीक्षेनंतर बोलू. "काऊन असा वागून राहिला तू?" मी कडी लावली. मग पुस्तक उघडलं. ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी. दुलीवर वाक्य करायला घेतलं, जमलं नाही. डोळे दुखत होते.

१ एप्रिल, रात्री
गोंदियाच्या केंद्रावर परीक्षा दिली. तिरोड्याहून सकाळची गाडी. आजूबाजूला सगळी पोरंपोरी. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चप्पल काढली, हात जोडले. पहिला उतारा हिमनद्यांवर की बँकांवर होता. वाचायला घेतला तशी तिथली देखरेखीवरची मुलगी धावत आली. "अंकल, मन में पढ़िए."
मनात वाचता येत नाही. मनात अक्षरं हलतच नाहीत. ओठ मिटले की ओळ हरवते. पुटपुटलो तर पुन्हा आली, "अंकल, प्लीज." तोंडावर रुमाल धरून प्रत्येक उताऱ्याची तीन आवर्तनं केली. शेवटच्या उताऱ्यात एक ओळ अडखळली, म्हणून त्याचं चौथं केलं. मग प्रश्नांकडे वळणार, तेवढ्यात कॉम्प्युटर आपोआप बंद झाला. वेळ संपली म्हणे.
घरी सांगितलं, पेपर बरा गेला.

७ एप्रिल, सोमवार
आईनं पोळीचंही ताट सरकवलं. विचारलं, "झालं का तुझं?" म्हटलं, निकाल यायचा आहे. म्हणाली, "माझा आधी लागन."
दिवसभर बासनाकडे पाहत बसलो. गाठी मीच मारल्या होत्या. नखांनी सुटेनात. शनिवारी हनुमान जयंतीला पोथी बसवतो म्हटलं, तेव्हा आई दूध प्यायली.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती
गाठी कात्रीनं कापल्या. पोथी डोक्यावर घेऊन देवळात गेलो. आईला प्रेरणानं धरून आणलं. तिनं पदराखाली वाटी झाकून आणली होती. विचारलं तर म्हणाली, "भात हाये. पहिली ओवी झाली का जेवते, तुझा भरोसा नाही." मंडळी जमलेली. दुली चौरंगाच्या उजवीकडे, नेहमीच्या जागी. तो सरकून बसला. परीक्षेचं काहीच विचारलं नाही त्यानं. तेच सहन होईना.

सोमवारीच आणखी एक ठरवलं होतं, आज ते केलं. पोथी उघडण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दुली, तू म्हणाला तसंच झालं. वाचत वाचत घरी आलो."