कळवतो म्हणाले, म्हणून थांबलोय

आदरणीय सबिनाखाला यांना कोल्हापुराहून अरीबचा सलाम. तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील आणि शिरोळात सगळे खुशाल असतील, अशी आशा. (फोनवर मी मेहकचं नाव काढलं की तुम्हाला नेमका आवाज येईनासा होतो, म्हणून पत्र.) इकडे अम्मी बरी आहे. माझं काही खरं नाही.

कागलच्या एका दूध डेअरीसाठी मी प्रोग्राम लिहिला, हे तुम्ही गावभर सांगितलंच आहे. त्यात कामं वाटून घेणारे थ्रेड असतात, एका घरात राबणाऱ्या जावा समजा. त्यातला एक थ्रेड वजनकाट्याकडून आकडा येईपर्यंत जागचा हलत नाही. परवा काटा बिघडला, तेव्हा दुसऱ्या थ्रेडने काट्याकडचं सॉकेट (बोलणं ये-जा करायचं दार म्हणा) गुपचूप बंद केलं. वाट बघणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो बसला तसाच, त्याच्यापायी सगळं काम अडलं, बाहेर कॅनची रांग लागली आणि दूध नासलं. डेअरीचे मॅनेजर अमरसिंह माझ्यावर खेकसले, "दार लावलंय न्हवं? मग ह्यो कुणाची वाट बघतोय?" खाला, मीही तसाच बसलोय.

मेहकला बघून निघालो तेव्हा तिचे अब्बा "कळवतो" म्हणाले. आपल्याकडं कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते गाडीपर्यंत सोडायला आले (गाडी त्यांच्या दारात आडवी लागली होती, हे मला नंतर सुचलं), म्हणून मी आशा धरली. तेव्हापासून दुसरं स्थळ बघितलं नाही. खोलीला रंगही दिला नाही, तिला विचारून द्यावा म्हणून. जीव अगदी रडकुंडीला आलाय, खाला.

खरं तर रीत सोपी आहे. दार लावण्याआधी आतल्याला सांगायचं, बाबा रे, आता काही येणार नाही, ऊठ. तो चरफडेल, पण उठेल आणि दुसऱ्या कामाला लागेल. प्रोग्राममध्ये तेवढी दुरुस्ती मी काल केली.

तुमचाच,
अरीब

ता. क. दुधाचं आपलं निमित्त. एकदा मेहकच्या घरी जाऊन विचारून या. नाही असलं तरी चालेल, पण मला तसं सांगा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच अम्मी म्हणाली, "तिचं लगीन कवाच झालं की रं. मी आन् सबिना जेवून आलो न्हवं का." त्या दिवशी तुम्ही डब्यातून पाठवलेली बिर्याणी मी दोनदा मागून घेतली होती. डबा धुऊन ठेवलाय, याल तेव्हा घेऊन जा.